उभ्या गाडीचे ब्रेक

कुलदेवतेच्या दर्शनासाठी घाट उतरून गोमंतकात जाणे हा बेळगाव भागातील कित्येक कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, नागेशी ही नावे आमच्या घरांतून इतकी सरावाची असतात, की मुलांना ती आधी ठाऊक होतात आणि नकाशातला गोवा मागाहून. पूर्वी या प्रवासाला सर्व्हिस मोटार असे. मोटारीची आणि चालकाची काळजी दुसऱ्या कुणीतरी वाहायची; आपण फक्त घाटात मळमळू नये म्हणून लिंबू हुंगत बसायचे. आता बहुतेक घरांपुढे स्वतःची मोटार उभी असते. ती उभी असते, हेच हा लेख लिहिण्याचे कारण.

२०२४ च्या माघात माझे थोरले बंधू अण्णा आम्हा सर्वांना घेऊन मंगेशीला निघाले. अण्णा निवृत्तीनंतर घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावी राहतात. त्यांच्याकडे २००८ साली मुलाने घेऊन दिलेली एक लहान मोटार आहे. पुढे मुलगा परदेशी गेला आणि गाडी अंगणातल्या फणसाखाली राहू लागली. आठवड्याचा बाजार, कधी डॉक्टर, कधी लग्नकार्य, एवढाच तिचा प्रवास. सोळा वर्षांत ती जेमतेम एकेचाळीस हजार किलोमीटर चालली. स्वच्छतेचे मात्र अण्णांना वेड. दर गुरुवारी गाडी नळीच्या पाण्याने न्हाऊ घालायची, काचा पुसायच्या आणि पुन्हा फणसाखाली नेऊन हँडब्रेक ओढून ठेवायची. २०२३ मध्ये पंधरा वर्षे पुरी झाली तेव्हा त्यांनी ती रीतसर पासिंग करून आणली, आणि नवा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून समोरच्या कप्प्यात ठेवला. कुणी गाडीच्या वयाचा विषय काढला, की त्यांचे उत्तर ठरलेले, "अरे, नवीच आहे ती. चालवली आहे कुठे!"

बेळगावाहून चोर्ल्यामार्गे आम्ही उतरू लागलो. गाडीत पाच माणसे. मागे वहिनींच्या मांडीवर पुण्याहून आलेली नात झोपलेली. घाट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात पुढल्या चाकांतून जात्यावर भरड काढल्यासारखी घरघर येऊ लागली. ब्रेक दाबला, की गाडी किंचित डावीकडे ओढ घेई. अण्णा म्हणाले, "धूळ बसली असेल, दोन वळणांत साफ होईल." खाली झाडीतून अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागले तोवर जळक्या रबरासारखा वास येऊ लागला होता. आणि मग एका वळणाच्या तोंडाशी अण्णांनी ब्रेकवर पाय दिला तो पाय नुसता खाली गेला. पेडल मऊ पडले होते, भिजलेल्या उशीवर पाय द्यावा तसे. त्यांनी काही बोलायच्या आतच गाडी तिसऱ्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पहिल्या गिअरात आणली. इंजिन मोठ्याने ओरडले. हँडब्रेक एकदम न ओढता टप्प्याटप्प्याने ओढत त्यांनी गाडी डोंगराकडच्या कडेला घेतली आणि ती मातीच्या दरडीला अंग घासून थांबली. नात उठून बसली आणि "देऊळ आलं का?" असे विचारू लागली. आमच्यापैकी कुणालाच थोडा वेळ उत्तर देता आले नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या तासाने अण्णांनी पुन्हा पेडल दाबून पाहिले, तर ते पूर्वीसारखे घट्ट! "झालं ठीक. हळूहळू उतरू या," असे म्हणत ते किल्लीला हात घालू लागले. मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले आहे; थोरल्या भावाला 'नाही' म्हणण्याचा प्रसंग आमच्या घरात फारसा येत नाही, पण त्या दिवशी मी किल्ली काढून खिशात घातली. येणाऱ्या एका जीपवाल्याबरोबर केरीला निरोप धाडला आणि दीड तासाने साखळीहून एक तरुण मेकॅनिक मोटारसायकलीवर अवजारांची पिशवी टांगून हजर झाला.

त्याने पुढले चाक काढले. आत एक लोखंडी चकती दिसली, जुन्या ग्रामोफोनच्या लहान तबकडीएवढी. बाहेरून ती आरशासारखी चकाकत होती. अण्णांच्या चेहऱ्यावर 'बघ, सांगत नव्हतो?' असा भाव उमटला. मेकॅनिकने मग बॅटरीचा झोत चकतीच्या मागच्या बाजूवर टाकला आणि आम्हाला वाकून पाहायला सांगितले. तिथे मधोमध बोटभर रुंदीची एक पट्टी तेवढी चकचकीत होती. बाकीचा सारा भाग तांबूस काळा, खड्ड्याखड्ड्यांचा आणि पापुद्रे सुटलेला. जुन्या विहिरीच्या रहाटाला असतो तसा. अण्णा म्हणाले, "अरे पण ही गाडी आम्ही चालवलीच नाही!" तो मुलगा हातातला पाना खाली ठेवत म्हणाला, "काका, म्हणूनच तर."

ही चकती म्हणजे डिस्क. ती चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही अंगांना ब्रेकचे पॅड असतात आणि आपण पेडल दाबले, की कॅलिपर नावाचा चिमटा ते पॅड दोन्हीकडून चकतीवर दाबतो. सायकलीच्या रिमवर ब्रेकचे रबर दाबले जाते तोच प्रकार. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. तिचे चीज व्हायला मात्र पन्नास वर्षे लागली. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसवलेल्या जग्वार मोटारीने जिंकली, आणि १९५५ मध्ये आलेल्या सित्रोएन डी.एस. या कौटुंबिक मोटारीला पुढे डिस्क होत्या. आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि फियाट या मोटारींना पुष्कळ काळ चारही चाकांना ड्रमच असत. ड्रममध्ये लायनर आतून बाहेर दाबतात; ड्रम तापून प्रसरण पावला, की तो लायनरपासून दूर सरतो आणि ब्रेक सुस्त होतो. डिस्कचे तसे नाही. ती तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते, शिवाय उघडी असल्याने लवकर निवते. आज बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी जोडी असते. गाडी थांबवण्याचे बरेचसे ओझे पुढच्या चाकांवरच येते, कारण ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते.

ही चकती बहुधा ओतीव लोखंडाची असते. बिडाचा तवा आणि ही डिस्क एकाच घराण्यातील. हे लोखंड उष्णता चांगली वाहते, घासले जाताना फारसे किंचाळत नाही आणि स्वस्त पडते. मात्र त्यावर रंग देता येत नाही, तेल लावता येत नाही. पॅडला घासण्यासाठी ते उघडेच ठेवावे लागते. गृहिणींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. बिडाचा तवा धुऊन तसाच ओला ठेवला, की सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर दिसतो तो हाच. त्यात भिण्यासारखे काही नाही. सकाळी गाडी काढून दोन-चार वेळा ब्रेक लावला, की पॅड तो थर खरवडून काढतात. पहिल्या वळणापर्यंत थोडा खसखस आवाज येतो, इतकेच.

गाडी रोज निघाली तर गंजाला वाढायला सवड मिळत नाही. ती आठ-पंधरा दिवस, महिना-दोन महिने उभी राहिली, की थर खोल जाऊ लागतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, सुटतो आणि खाली नवे लोखंड उघडे पाडतो. त्याच वेळी कॅलिपर ज्या खिळ्यांवर पुढेमागे सरकतो त्यांचे वंगण सुकते आणि ते अडकतात. मग चिमट्याची एक बाजू नीट दाबते आणि दुसरी नुसती टेकते. अण्णांच्या गाडीत हेच झाले होते. आतल्या बाजूला धूळ अडवण्यासाठी पत्र्याची तबकडी असते. तिच्यामागे ओल आणि चिखल टिकून राहतो, वारा पोचत नाही, आणि मालकाचा डोळाही पोचत नाही. दर गुरुवारचे स्नान आणि नंतरचा फणसाखालचा मुक्काम यांनी त्या गंजाला नियमाने पाणी घातले होते. हे सांगताना मला अण्णांचा उपहास करायचा नाही. मीही त्या गाडीत शेकडो वेळा बसलो होतो. गंजाचे रासायनिक समीकरण फळ्यावर लिहीत आलो होतो. चाकाच्या आत काय चालले असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

समुद्राकाठच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खाऱ्या हवेत हीच क्रिया अधिक वेगाने होते. पणजी, मडगाव, वास्को येथे पाऊसभर उभी असलेली गाडी आणि ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तितकेच दिवस उभी असलेली गाडी यांची स्थिती सारखी नसते. पुराचे पाणी तर अधिकच घातक. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीच्या पुराने बडोद्यात किती मोटारी पाण्यात बुडाल्या, हे तेथील वाचकांनी पाहिले आहे. अशी गाडी पुन्हा चालू होते तेव्हा आपण इंजिन सुरू झाले म्हणून पेढे वाटतो. चाकांत शिरलेला गाळ तिथेच राहतो.

आता त्या मऊ पडलेल्या पेडलाविषयी. चालत्या गाडीत जी शक्ती साठलेली असते ती थांबताना कुठे जाते? ब्रेक ती नाहीशी करत नाहीत, तिची उष्णता करतात. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात दोन लाख ज्यूल इतकी ऊर्जा असते. वेग निम्मा केला, तर ऊर्जा निम्मी न होता चौथाई होते. म्हणजे पन्नास हजार ज्यूल. सपाट रस्त्यावर एकदा गाडी थांबवली, की ही उष्णता वाऱ्यावर जाते आणि चकत्या निवतात. घाटात हिशेब वेगळा. पाच माणसांसकट तेराशे किलोची गाडी सहाशे मीटर खाली उतरली, तर तिने सोडलेली ऊर्जा सुमारे शहात्तर लाख ज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेने साधारण चोवीस लिटर पाणी थंडपणापासून उकळीला येईल. घरातला पाणी तापवायचा मोठा बंब डोळ्यांपुढे आणा. त्यातली काही उष्णता वारा आणि इंजिन घेतात. परंतु गाडी न्यूट्रल करून, पेट्रोल वाचवल्याच्या समाधानात, ब्रेकवर पाय ठेवून जो उतरतो त्याच्या चार ब्रेकांना जवळजवळ सारा बंब तापवावा लागतो. जाड, निरोगी चकती ही उष्णता सामावून घेते. झिजून पातळ झालेली चकती लवकर तापते, आणि बोटभर पट्टीवरच घासणारी त्याहून लवकर.

तापलेल्या पॅडमधून उष्णता ब्रेक ऑईलमध्ये उतरते. आपण त्याला ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा तो द्रव असतो आणि त्याला पाण्याची ओढ असते. बंद डब्यातसुद्धा, रबरी नळ्यांतून, वर्षानुवर्षे तो हवेतला दमटपणा शोषत राहतो. 'डॉट ३' जातीचा द्रव ताजा असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले, की ही मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' चे आकडे २३० आणि १५५. द्रव उकळला, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल खाली जाते आणि चाकाला काहीच कळत नाही. थोड्या वेळाने सारे थंड होते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल शहाण्यासारखे घट्ट लागते. म्हणूनच मी त्या दिवशी किल्ली खिशात घातली. पुढच्या चार वळणांत तेच घडले असते. अण्णांच्या गाडीतील ब्रेक ऑईल किती वर्षांचे होते, हे त्यांना आठवेना. मेकॅनिकने झाकण उघडून दाखवले तेव्हा ते काळ्या चहासारखे होते. हा द्रव साधारण दर दोन वर्षांनी बदलावा असा सर्वसाधारण सल्ला असतो, गाडी कितीही कमी चालो.

जुने चालक या बाबतीत आपल्यापेक्षा सावध होते. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा त्यांचा दंडक होता. आमच्या लहानपणी भाड्याच्या अँबॅसिडरचा चालक घाटाच्या मध्यावर गाडी थांबवून विडी ओढायचा आणि आम्ही मुले कंटाळायचो. तो विडीसाठी थांबत नसे, ड्रम निवण्यासाठी थांबत असे, हे पुष्कळ वर्षांनी उमगले. इंदूरकडून महेश्वरला जाणाऱ्या वाचकांना धामणोदजवळचा गणपती घाट परिचयाचा असेल. तेथे ब्रेक न लागून झालेल्या मालमोटारींच्या अपघातांनी तो रस्ता कुप्रसिद्ध झाला. घाट मालमोटार आणि मोटार असा भेद करीत नाही. फक्त वजन आणि उंची मोजतो.

पण अण्णांची गाडी तर वर्षभरापूर्वीच पासिंग झाली होती! घरी परतल्यावर वहिनींनी हाच प्रश्न केला, आणि तो योग्य होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे आपल्या देशात खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. ती मुदत संपली, की गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे. म्हणजे नवी गाडी घरी आल्यापासून पंधरा वर्षे सरकारी नजरेने तिच्या ब्रेककडे कुणीही पाहत नाही. दरम्यान आपण ठराविक मुदतीने धुराची तपासणी करून घेतो. पण तिथे नळी मागच्या धुराड्यात घालतात, चाकाकडे कुणी वाकत नाही. विमा कंपनीचा माणूस आला तर पत्र्यावरच्या पोच्यांची छायाचित्रे घेतो. ज्या रिक्षात आपण मुलांना शाळेत धाडतो ती भाड्याची असल्यामुळे तिची योग्यता-तपासणी ठरल्या मुदतीने होते: नवेपणी दोन वर्षांनी, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल. आपल्या स्वतःच्या मोटारीला हा जाच नाही, आणि त्याचा आपल्याला आनंदच वाटत आला आहे.

पंधरा वर्षांनंतरच्या तपासणीतही पुष्कळदा दिवे, भोंगा, चासीचा क्रमांक पाहतात, थोडी चालवून ब्रेक लागतो का हे बघतात. तपासणाऱ्याला मी दोष देत नाही. सपाट मैदानात, थंड असताना, अण्णांच्या गाडीचा ब्रेक लागतच होता. चाक न काढता आतली बाजू दिसत नाही, आणि रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे चाक काढायचे तर दिवस पुरायचा नाही. अलीकडे स्वयंचलित तपासणी केंद्रे निघू लागली आहेत. त्यांचे नियम २०२१ मध्ये आले. तेथे चाके फिरत्या रुळांवर चढवून ब्रेक लावतात आणि डाव्या-उजव्या चाकांचा जोर यंत्रावर मोजतात. डावीकडे ओढ घेणारी गाडी तिथे लगेच उघडी पडेल. ही केंद्रे गावोगावी पोचावीत आणि खाजगी गाड्यांनाही पंधरा वर्षांच्या आत कधीतरी तेथे नेण्याची सक्ती व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अण्णांना ते मान्य नाही. त्यांच्या मते आणखी एक खिडकी म्हणजे आणखी एक एजंट. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असेही मला म्हणवत नाही.

विलायतेत मुले-नातवंडे असलेल्या घरांना तेथील 'एम.ओ.टी.' हा शब्द ऐकून ठाऊक असेल. ही वार्षिक तपासणी तिथे १९६० मध्ये, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांवरील गाड्यांनाच होती आणि तीत ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढेच पाहत. पुढल्याच वर्षी ही मर्यादा सात वर्षांवर आली आणि १९६७ पासून तीन वर्षांवर. जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तपासतात, जपानातही तसेच. पण गंमत अशी, की ब्रिटनमधील तपासनीसही चाक काढत नाही. तो गाडी वर उचलून खालून जेवढे दिसेल तेवढे पाहतो आणि रुळांवर ब्रेकचा जोर मोजतो. डिस्कवरच्या वरवरच्या गंजासाठी तो गाडी नापास करीत नाही. चकती उघडपणे फार झिजलेली वा खचलेली असेल तरच करतो. चाक काढून पाहणे हे तिथेही गॅरेजवाल्याचे आणि मालकाचेच काम राहिले आहे.

तेव्हा गॅरेजवाल्याला काय सांगायचे, ते थोडे तपशिलाने लिहितो. 'ब्रेक बघा' एवढेच सांगितले तर तो बाहेरून बघतो. पुढली दोन्ही चाके काढायला सांगावीत आणि त्या वेळी स्वतः जवळ उभे राहावे. चकतीचे दोन्ही चेहरे बघावेत. पॅड घासतो त्या सबंध रुंदीला सारखी चकाकी हवी. कुठे गंजाचे बेट, खोल चर, वा केसासारखी पण कडेपर्यंत गेलेली तडा दिसली तर चकती गेली. लहान मोटारींच्या भरीव चकतीची जाडी नवेपणी साधारण दहा-बारा मिलिमीटर असते आणि दीड-दोन मिलिमीटर झिजली, की तिचे आयुष्य संपते. नेमका आकडा बहुधा चकतीवरच, कडेला किंवा मधल्या भागावर, 'किमान जाडी' म्हणून इंग्रजीत कोरलेला असतो. इथे एक फसगत होते. पॅड जिथे पोचत नाही त्या बाहेरच्या काठाला चकती झिजत नाही, उलट गंजाने थोडी फुगते, आणि तिथे थाळीच्या काठासारखी कड उभी राहते. साधा व्हर्निअर कॅलिपर लावला तर तो त्या कडेवरच टेकतो आणि झिजलेली चकती जवळजवळ नव्याएवढी जाड दाखवतो. साखळीच्या त्या मुलाने खिशातून रुपयाची दोन नाणी काढली, चकतीच्या दोन्ही अंगांना एकेक धरून त्यांवर व्हर्निअर लावला, आणि आलेल्या मापातून नाण्यांची जाडी वजा केली. शाळेत चाळीस वर्षे व्हर्निअर शिकवूनही मला हे सुचले नसते.

चकत्या बदलायच्या त्या जोडीने. डावी नवी आणि उजवी जुनी असे करू नये, नाहीतर गाडी ओढ घेते. नव्या चकतीबरोबर पॅडही नवेच घालावेत, आणि कॅलिपरचे खिळे काढून, साफ करून, त्यांना ब्रेकसाठीचेच खास ग्रीस लावून घ्यावे. जुनी चकती लेथवर लावून गुळगुळीत करून देतो, असे कुणी सुचवले तर आधी किमान जाडीचा आकडा विचारावा. अण्णांची चकती लेथवर चढवली असती तर गंजाबरोबर उरलेली चकतीही गेली असती.

आणि घरचे काम? गाडी धुतली, की ती तशीच उभी करू नये. गावाला एक फेरी मारून, चार-सहा वेळा ब्रेक लावून, मग जागेवर आणावी. फारसे काम नसले तरी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. पावसाळ्यात फार दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरात टाकून चाकांना दगड लावावेत. ज्यांच्या घरी विजेची मोटार आली आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. ती वेग कमी करताना बराचसा जोर मोटरनेच परत घेते, ब्रेकला काम थोडे पडते, आणि काम नसलेली चकती गंजते. काही विलायती कंपन्यांनी एवढ्यासाठी विजेच्या मोटारींना मागे पुन्हा ड्रम बसवले आहेत. ड्रम झाकलेला असतो, हा त्याचा जुना दोष इथे गुण ठरला.

त्या दिवशी मंगेशीला आम्ही भाड्याच्या जीपने पोचलो. शेजारती चुकली नाही. गाडी दोन दिवस साखळीच्या गॅरेजात होती. दोन चकत्या, पॅडचा संच, नवे ब्रेक ऑईल आणि मजुरी मिळून साडेसहा हजार रुपये झाले. मेकॅनिकने जुन्या चकत्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिल्या. अण्णांनी त्या भंगारात टाकल्या नाहीत. ओसरीवर चपलांच्या शेजारी त्या अजून पडलेल्या आहेत, आणि कुणी पाहुणा मोटारीने आला, की चहा होण्याआधी अण्णा त्याला एक चकती उलटी करून दाखवतात. गुरुवारची आंघोळ चालूच आहे. फक्त आता तिच्यानंतर ते वहिनींना गाडीत बसवून गावाबाहेरच्या पुलापर्यंत जातात आणि ब्रेक मारत मारत परत येतात. वहिनींची तक्रार आहे, की त्या धक्क्यांनी त्यांची मान दुखते.